क्लेमची पहार

क्लेम व्हारको गेला, तेव्हा आमच्या गावच्या हॉलमध्ये त्याच्यावर जी भाषणं झाली ती ऐकता ऐकता माझ्या हातातला चहा गार झाला. देवमाणूस काय, लोण्यासारखं काळीज काय, ओठांवर सदा हसू काय! अरे, कुणाबद्दल बोलताय? तो माणूस आयुष्यात हसला असेल तर कुणाचा तरी पाय घसरला तेव्हाच. मी मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या शेजारी गार्थ लिंडन. आम्ही दोघं एका बाकावर बसलोय हे बघायला अर्धा हॉल माना वळवत होता. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

तर ज्याला खरा क्लेम ऐकायचाय त्यानं माझ्याकडून ऐकावं. त्याची नि माझी पहिली गाठ पडली ती भांडणात, दुसरीही भांडणात. तिसऱ्या वेळी मी त्याच्यावर किटली फेकली. मी नोरीन हॅस्लक, मेरिंगाच्या खोऱ्यात पन्नास वर्षं गुरं राखलीत, आणि माझ्या अंगात गोड बोलण्याचं हाड नाही. त्याच्याही नव्हतं.

त्याचा धंदा कुंपणं घालायचा. उमेदीची वर्षं त्यातच गेली, पाठीला कायमचा बाक आला. मग म्हातारपणी घरी बसून मासे धरायचे सोडून हा गडी एक जुनी कॅरव्हॅन, चाकांवरचं घरच म्हणा, घेऊन निघाला. जिथं वणवा लागेल तिथं आग विझल्यावर जायचं, आणि लोकांची जळलेली कुंपणं पुन्हा उभी करायची, फुकट. त्याच्यामागे तसलीच निवृत्त मंडळी: एक दाताचा डॉक्टर, दोन शाळामास्तर, एक नर्स. हातात कधी पक्कड धरली नव्हती त्यांनी. क्लेम त्यांना शिकवायचा म्हणजे शिव्या घालायचा. तरी ती माणसं त्याच्यामागे का फिरत होती ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, आमचं खोरं जळलं. डोंगरावरून आग उतरली ती दुपारी, आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. माझा नवरा व्हिक दोन वर्षांपूर्वीच गेलेला, घरात मी एकटी, आणि घराखालच्या उतारावर वाळलेलं गवत गुडघ्याच्या वर. मग मी काय करणार? आग पोचायच्या आधी मीच गवताला काडी लावली. समोरून येणारीला खायला काही ठेवायचंच नाही, आमच्याकडे बापजाद्यांपासून हेच करत आलेत. घर वाचलं. गायी मी आधीच नांगरलेल्या रानात हाकलल्या होत्या, त्या वाचल्या. पण मधेच वारा फिरला, आणि गार्थ लिंडनचं गवताचं कोठार गेलं. आत त्याच्या बापाचा जुना ट्रॅक्टर होता, तोही गेला. गार्थ म्हणतो माझ्या काडीनं गेलं. मी म्हणते डोंगरावरच्या आगीनं गेलं. परत तशी वेळ आली तर परत काडी लावीन, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

गार्थ माझा शेजारी. त्याला मी लहानपणी शेंबूड पुसून बिस्किटं दिलेली. आगीनंतर आमच्यात बोलणं उरलं ते फक्त शिव्यांपुरतं.

आता हद्दीची गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्या दोघांच्या मधून ओढा वाहतो. ओढा वळणं घेत जातो आणि मोजणीची रेघ मात्र सरळ. रेघेप्रमाणे चाललं तर ओढ्याचं अख्खं वळण लिंडनांकडे जातं आणि आम्हाला थेंब मिळत नाही. म्हणून माझ्या सासऱ्यांनी आणि गार्थच्या बापानं दे-घे कुंपण घातलं. आमच्या भागात अशी बरीच आहेत. कुंपण ओढ्यापलीकडच्या उंच काठावरून नेलं, म्हणजे वळणाचं पाणी आमच्या गुरांना मिळालं. बदल्यात आम्ही त्यांना वरचं टेकाड दिलं, त्यावरून त्यांची गाडीवाट जायची. तोंडी ठरलं, हात मिळवले, झालं. त्या काळी शेजाऱ्याकडे कागद मागणं म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं होतं.

पण गार्थनं दुसऱ्या अंगानं पक्का रस्ता केला होता, टेकाडाची त्याला गरज उरली नव्हती. कुंपण जळून राख झालं आणि त्याला संधी दिसली. इकडे माझं शेततळं राखेनं भरलेलं, वर साय धरल्यासारखा काळा थर. गायींना प्यायला उरला तो एकटा ओढा. ओढा गेला की गायी विकायच्या, सरळ हिशोब. आणि त्या काही बाजारातून आणलेल्या गायी नव्हत्या. व्हिकच्या आईनं लग्नात आणलेल्या दोन लाल गायींची ती सगळी लेकरं. व्हिकनं दुष्काळात स्वतःचं जेवण कमी केलं होतं, पण त्यातली एक कधी विकली नव्हती.

क्लेम आला तो फेब्रुवारीच्या उन्हात. आपली फौज घेऊन ओढ्यापाशी उभा राहिला. तिकडून गार्थही आला.

"ह्या हद्दीचे मालक कोण?" क्लेमनं विचारलं. रामराम नाही, काही नाही.

"मी," आम्ही दोघंही म्हणालो.

"बरं. माझा एक नियम आहे. कोपऱ्याचा पहिला खांब खड्ड्यात उभा केला की दोन्ही शेजाऱ्यांनी हात लावून तो सरळ धरायचा. मग माती भरायची. एकाचाच हात असेल तर मी पहार उचलत नाही."

"का रे बाबा?" मी म्हटलं. "चर्चमधलं लग्न आहे का हे?"

"लग्नात एकानं हात सोडला तरी चालतं, मी बघितलंय. कुंपणाला चालत नाही."

"मोजणीच्या रेघेवर घाल," गार्थ म्हणाला, "आत्ता धरतो."

"जिथं होतं तिथं घाल," मी म्हटलं, "मीही आत्ता धरते."

तर गार्थनं काय म्हणावं? "पलीकडच्या काठावर कधी कुंपण नव्हतंच. मिसेस हॅस्लक, तुमच्या गायी इतकी वर्षं माझ्या हद्दीत घुसून पाणी प्यायल्या, आणि माझा बाप भिडस्त म्हणून गप्प राहिला."

लहानपणापासून तो मला मिसेस हॅस्लक म्हणतो, अहो-जाहो करतो. त्या दिवशी ते अहो-जाहो मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी ओरडले. "मेल्या, तुझ्या बापानं आणि माझ्या सासऱ्यानं मिळून पुरलेत ते खांब. तू तेव्हा पाळण्यात होतास. जा बघ, खड्डे आहेत तिथं!"

आणि होतेच खड्डे. जुना लाकडी खांब पेटला की जमिनीच्या वर थांबत नाही, आत मुळापर्यंत जळत जातो. मागे राहतो तो राखेनं भरलेला खोल खड्डा. आगीनंतर मी स्वतः तिथं जाऊन आले होते. काठावर एका ओळीत काळी भोकं.

"उद्या सकाळी दाखव," क्लेम मला म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

सकाळी त्याला घेऊन पलीकडे गेले, बघते तर काय! काठ साफ! या टोकापासून त्या टोकापर्यंत मशीन फिरवून जमीन सपाट केलेली. खड्डे नाहीत, राख नाही, काही नाही. गार्थ मशीनच्या पायरीवर बसून सँडविच खात होता.

"जळकी झाडं बाजूला करत होतो," तो म्हणाला. "साफसफाई करायला सगळ्यांनाच सांगितलंय ना?"

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही, चर्चची माणसंही वाचतील. त्याच्या बापाला कबरीतून उठवलं एवढं म्हणते. आणि क्लेम? क्लेम काठावरून चालत गेला, मधे मधे थांबून बुटाची टाच जमिनीत दाबली, परत आला. मला वाटलं आता हा गार्थला धरून बुकलतो. तर म्हणाला, "पाऊस येऊ दे."

"काय?"

"पाऊस येऊ दे, मग बघू."

"अरे, इथं माझं पाणी चाललंय आणि तू हवामान सांगतोस? भित्रा आहेस, भित्रा!"

"असेन," तो म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर त्यानं अख्ख्या खोऱ्याची कुंपणं घातली. रोज सकाळी माझ्या फाटकावरून त्यांच्या गाड्या जायच्या. दाताचा डॉक्टर हात करायचा, क्लेम मान वळवायचा नाही. खोऱ्याचे दोन भाग झाले. दुकानात मी शिरले की बोलणी थांबायची. काडी लावणारी म्हातारी खोटंही बोलेल, असं म्हणणारे निम्मे. काहींनी ते कुंपण डोळ्यांनी बघितलेलं, पण गार्थ आगीच्या बंबावरचा कॅप्टन, उद्या पुन्हा पेटलं तर त्याच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल? तेव्हा त्यांना एकाएकी काही आठवेनासं झालं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते मात्र आमच्या दोघांचं खरं. मी गार्थच्या दारी गेले नाही, तो माझ्या दारी आला नाही.

मग गार्थनं बाहेरून माणसं आणली आणि मोजणीच्या रेघेवर स्वतःच कुंपण ठोकलं. रेघ जाते ओढ्याच्या अलीकडून, सखल जागेतून. क्लेम गाडी थांबवून त्याला म्हणाला म्हणे, की इथं ओढा चढतो. गार्थनं उत्तर दिलं, "कुठला ओढा? त्यात बेडूक बुडत नाही." चकचकीत नवी तार, तीन दिवसांत काम तमाम. कुंपणानंच शेत खाल्लं माझं.

त्या दिवशी संध्याकाळी गायी नेहमीसारख्या पाण्यावर गेल्या आणि तारेपाशी अडल्या. समोर हातभर अंतरावर पाणी. त्यांना कसं समजावणार? उभ्या राहिल्या रांगेनं, आणि हंबरायला लागल्या. पोटातल्या वासरांसकट तहानलेल्या गायींचं हंबरणं ज्यानं ऐकलंय त्यालाच ते कळेल. मी घरात जाऊन रेडिओ मोठ्यानं लावला. तरी ऐकू येत होतं. मग रडले. कुणासाठी रडले काय माहीत, व्हिकसाठी असेल.

दुसऱ्या दिवसापासून मी पिकअपवर छोटी टाकी ठेवून गावातून पाणी आणायला लागले. एक खेप ओतली की दोन मिनिटांत गुरांचं कुंड कोरडं. वय एकाहत्तर, किती खेपा करणार? आगीतून फुफाट्यात आले होते मी. शेवटी मोरीला फोन केला. मोरी गुरांच्या बाजाराचा ट्रक चालवतो. "गुरुवारी ये," म्हटलं. "किती?" तो म्हणाला. "सगळ्या," म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी माझ्या अंगणात एक मोठा टँकर येऊन उभा राहिला. क्लेम खाली उतरला, न विचारता नळी काढली आणि कुंडात सोडली. गायी धावत आल्या.

मी दारात आले, हातात किटली. "मी मागितलं नव्हतं."

"मी विचारलंही नव्हतं."

"कीव करायला आलास?"

"गायींची. तू बाजूला हो, नळीवर पाय पडतोय."

तिथं माझं टाळकं फिरलं. फेकली किटली. त्याच्या कानाजवळून जाऊन टँकरवर आदळली. त्यानं वाकून ती उचलली, पोचा बघितला, आत बघितलं.

"चहा होता यात?"

"होता!"

"घालवलास वाया."

"जळला मेला तुझा चहा!" मी म्हटलं. "आणि तुझा तो नियम! दोघांचा हात म्हणे! पहिल्याच दिवशी जुन्या जागी कुंपण घातलं असतंस तर ही वेळ आली असती का?"

"दुसऱ्या दिवशी त्यानं उपटलं असतं. मग तू त्याचं उपटलं असतंस. मी बघितलंय हे. वीस वर्षं एकमेकांची कुंपणं उपटत बसलेली माणसं बघितलीत. त्यांची गुरं मेली आणि ती कोर्टात म्हातारी झाली."

"मग कर ना काहीतरी!"

"करतोय. पावसाची वाट बघतोय."

"गुरुवारी मोरी येतोय गायी न्यायला."

तो पहिल्यांदा थांबला. डोंगराकडे बघितलं, नाक वर करून हवा हुंगली कुत्र्यासारखी. "पुढच्या आठवड्यात बोलव त्याला."

"का म्हणून?"

"सांगितलं तर ऐकणारेस का?"

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच ऐकलं नसतं. तेव्हा मला देवानं येऊन सांगितलं असतं तरी मी त्यालाही किटलीच मारली असती.

बुधवारी दुपारी डोंगरावर गडगडाट सुरू झाला. आमच्याकडेही बराच पडला, पण वर धो धो कोसळला असणार. वरचे सगळे उतार जळून उघडे झालेले, पाणी धरायला ना गवत ना पाला. तासाभरात ओढ्याचा आवाज आला. पाण्याचा नेहमीचा आवाज नव्हेच तो, दगड दगडांवर आपटताहेत असा. मी ओसरीच्या पायरीवर उभी राहून बघितलं: काळंकुट्ट पाणी, डांबरासारखं दाट, त्यात अख्खी झाडं, आणि सगळं सखल जागेतून सरळ चाललेलं. गार्थचं नवं कुंपण वाकलं, ताणलं, आणि मग तारांचा आवाज येत एक एक खांब निघाला. अंधार पडायच्या आत तिथं काही उरलं नव्हतं. ती सगळी तार गुंडाळी होऊन खाली पुलाला अडकली.

मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? पण कुंपण वाहून गेलं म्हणून पाणी काही माझं होत नव्हतं. गार्थ पुन्हा माणसं आणणार, पुन्हा ठोकणार. मी मोरीला थांबवलं नाही.

गुरुवारी सकाळी मोरी आला. आम्ही गायी चढवायला सुरुवात केली. म्हातारी रोझी सगळ्यांत पुढे असायची, तिला ट्रक ओळखीचा नव्हता, पण मी म्हटलं म्हणून चढली. त्याचंच मला जास्त लागलं. निम्म्या चढल्या असतील तेवढ्यात क्लेमची गाडी अंगणात शिरली. मागे त्याची सगळी फौज, आणि त्यांच्यामागे गार्थ. त्याची खोंडं रात्री माझ्या हद्दीत आली होती, ती न्यायला तो आला होता. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"थांबव ते," क्लेम मोरीला म्हणाला. मग आम्हा दोघांना, "चला. चालत."

"मी कुठं येत नाही," गार्थ म्हणाला.

"खोंडं हवीत ना? मग ये."

पाणी ओसरलं होतं. चिखलातून ओढा ओलांडला, उंच काठावर चढलो. मी धापा टाकत वर आले, आणि बघितलं.

काठावर, गार्थनं सपाट केलेल्या जमिनीत, खड्डे होते. एका मागोमाग एक, सारख्या अंतरावर, वळणाला वळसा घालून पार टोकापर्यंत. प्रत्येकात काळं पाणी साचलेलं. जिथं जिथं जुना खांब होता तिथं तिथं माती खाली बसली होती. सगळी ओळ तशीच्या तशी वर आलेली, माझ्या सासऱ्यांनी आणि त्याच्या बापानं घातलेली.

क्लेमनं पहार उचलली, पहिल्या खड्ड्यात सोडली. ती कमरेपर्यंत आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी.

"चोपली नाहीस," तो गार्थला म्हणाला.

गार्थ बुटाला लागलेला चिखल खरडायला लागला.

"खड्डे भरलेस आणि माती चोपली नाहीस. भुसभुशीत माती पावसात खाली बसते, हे तुझ्या शेतातल्या कुत्र्यालाही माहीत असेल. तुझा बाप असता तर कानफटात दिली असती. खड्डे बुजवले म्हणून दिली असतीच, पण आधी न चोपता बुजवले म्हणून."

दाताच्या डॉक्टरला हसू आलं, क्लेमनं त्याच्याकडे असं बघितलं की ते घशातच राहिलं. गार्थचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता हा पुन्हा काहीतरी थाप मारणार. पण नाही.

"हिनं माझं कोठार जाळलं," तो म्हणाला. क्लेमला म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे. "तू जाळलंस. बापाचा ट्रॅक्टर होता आत. बाप गेल्यापासून मी रोज संध्याकाळी त्यावर नुसता बसायचो. आणि तू एकदा, एकदा तरी आलीस का माझ्या दारात?"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा मला तू म्हणाला. माझ्या तोंडात शिवी तयार होती, ती बाहेर आली नाही. वारा फिरला होता हे खरं. मी त्याच्या दारात गेले नव्हते हेही खरं.

"परत वेळ आली तर परत लावीन," मी म्हटलं.

"माहितीये," गार्थ म्हणाला.

"ते तुम्ही मरेपर्यंत भांडत बसा," क्लेम म्हणाला. "माझी ना नाही. हा खांब धरा."

त्यानं गाडीतून खांब आणवला होता. तो खड्ड्यात उभा केला. मी एका बाजूनं हात लावला. गार्थ उभाच राहिला. सगळी मंडळी ओल्या चिखलात बघत उभी. क्लेम पहारीवर रेलून दुसरीकडेच बघत होता, जणू त्याला दिवसभर वेळ आहे. मग गार्थ पुढे आला आणि दुसऱ्या बाजूनं त्यानं हात लावला. त्याच्या मनगटावर भाजल्याची कातडी अजून गुलाबी होती. ते मी आधी बघितलं नव्हतं, बघायला तेवढ्या जवळ गेलेच नव्हते.

क्लेमनं ओळंबा धरला, खांब सरळ केला, आणि दुसऱ्या हातानं पहार, बोथट टोक खाली करून, गार्थपुढे केली. "भर. आणि या वेळी चोप."

गार्थनं माती ओढली, चोपली. पुन्हा ओढली, पुन्हा चोपली. मी खांब धरून होते, प्रत्येक ठोका माझ्या कोपरापर्यंत येत होता. तो थांबला की क्लेम म्हणायचा, "अजून." घामानं त्याचा शर्ट भिजला. शेवटी पहार आपटली तर दगडावर आपटल्यासारखी वाजली, तेव्हा क्लेम म्हणाला, "हं."

मग मला आठवलं आणि मी काठावरून बोंब ठोकली, "मोरी! उतरव त्यांना! सगळ्यांना उतरव!" मोरीनं मला ज्या शिव्या घातल्या त्या पलीकडच्या डोंगरापर्यंत गेल्या असतील. गायी उतरल्या आणि थेट ओढ्यावर गेल्या. पाणी काळं होतं, रोझीनं नाक लावलं आणि मागे घेतलं. दोन दिवसांनी पाणी निवळलं तेव्हा प्यायल्या, तोवर क्लेमचा टँकर होताच. कुंपण पूर्ण व्हायला आठवडा लागला. गार्थ रोज यायचा, काम करायचा, एक शब्द बोलायचा नाही. मी रोज मटणाची सँडविचं करून न्यायचे, त्याच्यापुढे ठेवायचे, एक शब्द बोलायचे नाही. क्लेमला हे फार पसंत पडलेलं दिसलं, कारण तोही बोलत नव्हता. गेला तेव्हा निरोपही घेतला नाही. किटली मात्र पोचा काढून फाटकाला अडकवून गेला.

पुढे तो आणखी कितीतरी खोऱ्यांत हिंडला. पण थकल्यावर कॅरव्हॅन घेऊन इथंच येऊन राहिला, गावच्या मैदानाच्या कडेला, आणि तिथंच गेला. मागे कुणी नव्हतं, म्हणून आमच्याच स्मशानात पुरला. हॉलमध्ये ती गोडगोड भाषणं झाली, सगळे घरी गेले.

जून महिन्यात पावसाची झड लागली. उघडीप झाली तशी मी सहज स्मशानात गेले. फुलंबिलं घेऊन नव्हे, त्याला फुलं नेली असती तर उठून शिवी दिली असती. बघते तर फाटकाशी गार्थची पिकअप उभी, मागे मातीचा ढीग. तो आत कबरीपाशी उभा होता. कबर हातभर खचली होती, वरचा लाकडी क्रूस एका बाजूला कलला होता.

"कुणी भरली ही?" तो म्हणाला. चिडला होता.

"गावातल्या पोरांनी."

"चोपली नाही."

"दिसतंच आहे."

त्यानं क्रूस उपटून पुन्हा सरळ उभा केला आणि एका हातानं धरून माझ्याकडे बघितलं. "मिसेस हॅस्लक, धरता का जरा?"

मी धरला. त्यानं फावड्यानं माती ओढली, पहार घेतली आणि चोपायला लागला. बराच वेळ चोपत होता. मग थांबून त्यानं पाठ सरळ केली.

"अजून," मी म्हटलं.

"करतोय ना," गार्थ म्हणाला, आणि त्यानं पुन्हा पहार उचलली.